आजींची पाण्याची बाटली

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारच्या आजी मांडीवर पाण्याची भरलेली बाटली घेऊन बसल्या होत्या. "हृदयाचे डॉक्टर म्हणतात पाणी कमी प्या, मुतखड्याचे म्हणतात भरपूर प्या," त्या म्हणाल्या. दोघांच्या खोल्यांमध्ये फक्त एक भिंत. पण निरोप पोचवायचे आजींनी, फायलींची पिशवी सांभाळत. वर भिंतीवर मिरवायला फलक: 'सर्व तज्ज्ञ एकाच छताखाली'. छत काय, गोठ्यालाही असतं. तेवढ्यात ते दोघे डॉक्टर सहलीच्या गप्पा मारत चहाला निघाले. म्हणजे एकमेकांशी बोलता येत होतं तर. आजींनी अदबीने पाय आखडून त्यांना वाट दिली आणि मग मला हळूच विचारलं, "तुम्हीच सांगा, घोटभर पिऊ का?"