थंड डोक्याचा खलिया

रोशन गेट भागात नान-खलियाची देग चढली आणि आचारी फारूखभाईंची शिवी ऐकू आली नाही, असं लग्न मी पाहिलेलं नाही. मसाला कुटणाऱ्यापासून वाढप्यापर्यंत सगळे त्यांच्या तोंडाला घाबरत, आणि मटणाचा तो झणझणीत खलिया मात्र बोटं चाटत खात. मी त्यांचा शेजारी, बद्रीनाथ. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, म्हणून मला ते 'सर' म्हणतात आणि निम्म्याच आवाजात ओरडतात.

गेल्या उन्हाळ्यात देगेशेजारीच त्यांना भोवळ आली. प्रेशर उतरल्याशिवाय आचेजवळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. इथंच सगळं अडलं, कारण डिसेंबरात धाकट्या नौशीनचं लग्न होतं. थोरल्या दोघींची दावत त्यांनी स्वतः शिजवली होती. तिसरीच्या लग्नात दुसऱ्याच्या हातचा खलिया वाढायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होणार. "राग सोडा," असंही डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा डॉक्टरांचाच राग आला.

नौशीननंच मग हिमायत बागेतला 'ताई ची' या संथ चिनी व्यायामाचा वर्ग शोधला आणि सोबतीला मला जुंपलं. शिकवायला सायली नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट. हात सावकाश वर, श्वास आत. हात खाली, श्वास बाहेर. "हवा हलक्या हातानं ढकला, काका," ती म्हणायची.

"सर," फारूखभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "एवढ्या टायमात कांदा तळून झाला आसता. हात फिरवायचेच हायेत तर खाली पातेलं तरी द्या म्हनावं!"

सुरुवातीला ते प्रत्येक हालचाल सगळ्यांच्या आधी संपवून कमरेवर हात ठेवून आमची वाट बघत. सायली हसून म्हणाली, "काका, इथं जो शेवटी येतो त्याचा पहिला नंबर." हे त्यांनी मनावर घेतलं. आणि इतक्या चुरशीनं सावकाश झाले, की आम्हा सगळ्यांना मागं टाकलं.

दिवाळीपर्यंत प्रेशर उतरलं, राग उतरला, आणि घरात घबराट पसरली. त्यांच्या बायकोनं, सगीराभाभींनी, मला जिन्यात गाठलं. "भाईसाब, डाळीत मीठ नव्हतं तरी चुपचाप जेवले. डागदरला परत दाखवू का?" मदतनीस बासित तर रुसूनच बसला. उस्ताद शिव्या देत नाहीत, म्हणजे आपल्याला काढणार, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

लग्नात डॉक्टरांच्या परवानगीनिशी त्यांनी स्वतः खलिया केला आणि तो अप्रतिम उतरला. ओरडणारं कुणी नसल्यानं नान तेवढे उशिरा पोचले. वरपक्ष खोळंबला, तर हे म्हणतात, "येतील. श्वास घ्या."

मग रुखसतीची, लेकीच्या पाठवणीची वेळ झाली. थोरलीच्या रुखसतीला ते देगांवरून बासितवर खेकसत होते, मधलीच्या वेळी गाडी आडवी लावली म्हणून ड्रायव्हरशी भांडत होते. बापाचं काळीज दगडाचं आहे, असं आम्ही तेव्हा बोललो होतो. या खेपेला भांडणच नव्हतं. नौशीन गळ्यात पडली आणि हा दांडगा माणूस साऱ्या वऱ्हाडासमोर हमसून हमसून रडायला लागला. थांबेचना. खरं सांगतो, मला भीतीच वाटली.

नौशीन कळवळून म्हणाली, "अब्बा, कुनावर तरी ओरडा ना!"

फारूखभाईंनी इकडंतिकडं पाहिलं. लांब बासित उभा होता. "बासित! देगा काय तुझा दादा येऊन घासनार हाय का?" आवाज मधेच फाटला, पण बासित "जी उस्ताद" करत आनंदानं धावला. नौशीन रडता रडता हसली आणि गाडीत बसली.

गाडी वळणाआड गेली. फारूखभाई सायलीनं शिकवलं होतं तसे पाय रोवून, गुडघे जरा वाकवून उभे होते.

"आसं उभं ऱ्हायलं की मानूस पडत नाय, सर," ते म्हणाले.

मीही त्यांच्या शेजारी तसाच उभा राहिलो.