चवीपुरते बेदाणे

तासगावच्या एसटी स्टँडवर एकानं बेदाण्याचं मशीन बसवलं होतं. मोबाइलवरून पैसे भरले की पुडी खाली पडायची. पण आमच्याकडं चव घेतल्याशिवाय कुणी बेदाणा घेत नाही. माणसं काचेतून बघायची आणि पुढं जायची. खप दिसला नाही तर मशीन कंपनीकडं परत जाणार होतं. तो खांबाआड नखं कुरतडत उभा असायचा.

एकदा मीही काचेपुढं घुटमळलो. तो धावतच आला आणि त्यानं खिशातले बेदाणे माझ्या हातावर ठेवले. मी चावत असताना तो माझ्या जबड्याकडंच बघत होता. मी पैसे भरले. पुडी पडली, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

"बसून कमवायचं म्हणून घेतलं वो हे," तो म्हणाला. "आता बसायलाबी मिळंना."

तेवढ्यात काचेपुढं आणखी कुणीतरी थबकलं आणि ह्याचा हात खिशात गेला.