न गळणारी लोंबी

आमच्या इतिहासाच्या सरांइतका म्हातारा माणूस मी उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात बघितला न्हाय. कागदावर वय एकाहत्तर, पण तोंड उघडलं की कमीत कमी दहा हजार वर्षं. आपल्याकडची म्हातारी माणसं 'आमच्या वेळी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात सायकलीचा आणि रेडिओचा काळ असतो. सर 'परवा परवापर्यंत' म्हणतात, आणि त्यांचा परवा म्हणजे माणूस शिकार सोडून नदीकाठी खोपटं घालायला लागला तो काळ. मेसोपोटेमियातल्या लोकांविषयी ते असं बोलतात, जसं काय ती माणसं हुपरीला राहतात आणि सकाळच्या एसटीनं कामावर येतात. "त्या सुमेरवाल्यांनी पाटाचं पाणी आणलं, चांगलं केलं. पण निचरा बघितला न्हाय रे! रानं मिठानं पांढरी पडली. मी असतो तर सांगितलं असतं." हे 'मी असतो तर' ते इतक्या चुटपुटीनं म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या दिवशी सरांची गाडी चुकली म्हणून सुमेर बुडालं.

मी सहावीत त्यांच्या हाताखाली सापडलो. पुस्तकात शेतीचा शोध हा धडा चार पानांचा. सरांनी तो दिवाळीपर्यंत शिकवला. उरलेली सगळी राज्यं, लढाया, तह आणि चळवळी त्यांनी परीक्षेआधीच्या पंधरवड्यात उरकल्या, पाहुणे दारात आल्यावर घर झाडतात तशा. मैदानाच्या कोपऱ्यात आमच्याकडून मातीच्या विटा पाडून घेतल्या, दगडावर दगड घासून नाचणी भरडून घेतली, आणि एक दिवस जाहीर केलं की उद्या कुणीच डबा आणायचा न्हाय. शेती अजून लागलेली न्हाय, जेवण वेचून आणायचं. सगळ्यांना चिंचा आणि बोरं सापडली. मला हेडमास्तरांच्या कंपाउंडात पेरू सापडला. हेडमास्तर माझा कान धरून वर्गात आले, "सर, तुमच्या या पोरानं पेरू चोरलाय." सर शांतपणे म्हणाले, "चोरी म्हणू नका सर. चोरी शेतीनंतर आली. त्याच्या आधी सगळं वेचणंच होतं." हेडमास्तरांनी माझा कान सोडला. त्या दिवसापासून इतिहास हा माझा आवडता विषय.

मी त्यांची नक्कलही करायचो. एक हात पाठीमागं, चष्मा कपाळावर, आणि छताकडं बघून, "मुलांनो... गहू!" एकदा ऐन रंगात आलतो आणि पोरं हसायची अचानक थांबली. सर दारात. पुढं आले, माझा चष्मा कपाळावर जरा तिरका बसवला आणि म्हणाले, "आवाज जमलाय. पण गव्हाच्या आधी मसूर आणि जवपण घे. लोक गव्हालाच सगळं श्रेय देतात." मारलं न्हाय. त्यांनी कुणालाच कधी मारलं न्हाय. नापास पण केलं न्हाय. पेपरात ज्यानं एक ओळ लिहिली त्याला पास, ज्यानं कोरा दिला त्याला म्हणायचे, "याचं अजून उगवायचंय."

पुढं मी लग्नात-बारशात माईक धरून नकला करायला लागलो, सर रिटायर झाले, पण गाठीभेटी सुटल्या न्हाईत. कधी मधी त्यांना गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर घेऊन जायचो. म्हशी दारात उभ्या, समोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास तोंडाला लावायचा, हे कोल्हापुराबाहेरच्या माणसाला अजब वाटतं. सरांना ते अजब न्हाय, पुरावा वाटतो. एकदा पुण्याकडचा एक पाहुणा दुसरा ग्लास रिकामा करत होता. सर त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "पावणं, तुमच्यात कोण पूर्वी जनावरं राखायचं काय?" तो दचकला. "न्हाय, म्हणजे बघा, मोठ्या माणसाला दूध पचणं ही नवीन गोष्ट हाय. ज्यांच्या वाडवडिलांनी म्हसरं राखली त्यांना पचतं. इतरांना..." तिथंच थांबले. तो मनुष्य पोटावर हात ठेवून उभा राहिला. त्याला काही झालेलं न्हवतं, पण पुढचा अर्धा तास तो स्वतःच्या पोटाचा आवाज ऐकत होता. आणि तांबडा रस्सा पुढ्यात आला की सर भुरकायच्या आधी त्यातलं एकेक सामान त्याच्या त्याच्या गावाला परत पाठवायचे. मिरची अमेरिकेला, कोंबडी पूर्वेकडच्या जंगलात, कांदा मध्य आशियात. मी एकदा वैतागून म्हटलं, "मग सर, कोल्हापूरचं काय हाय यात?" सर म्हणाले, "भूक," आणि वाटी तोंडाला लावली.

पण ही सगळी वरवरची हौस. सरांचा खरा जीव अडकलेला तो गडमुडशिंगीच्या त्यांच्या रानात, विहिरीजवळच्या एका गुंठ्यात. चौफेर ऊस, आणि मधे या गुंठ्यात दलदल करून सरांनी लावलतं रानटी भात. आमच्याकडं त्याला देवभात म्हणतात. तळ्याच्या कडेला आपोआप उगवतं. गावातली माणसं बांधावरनं जाताना ओरडायची, "सर, तण जोमात हाय बरं का यंदा!" सर हात वर करून आभार मानायचे.

भानगड अशी हाय. रानातलं भात पिकलं की दाणा लोंबीवरनं गळून पडतो. पडला तरच पुन्हा उगवणार, हे त्याचं शहाणपण. आणि आपलं घरचं भात पिकलं तरी दाणा धरून बसतं, कुणी तरी विळा घेऊन येईपर्यंत. गळणाऱ्या भाताचं न गळणारं भात कसं झालं, ते सरांना पुस्तकात वाचायचं न्हवतं, हातानं करून बघायचं होतं. "सगळी संस्कृती त्या धरून बसण्यावर उभी हाय गड्या," ते सांगायचे. "दाणा थांबला म्हणून माणूस थांबला. माणूस थांबला म्हणून घर आलं. घरं आली म्हणून गाव, गाव आलं म्हणून पाटील, आणि पाटील आला म्हणून भांडणं." आठ वर्षं ते दर साली पेरत होते. पिकायच्या वेळी प्रत्येक लोंबीला जुन्या मच्छरदाणीची पिशवी बांधायचे, एक दाणा वाया जाऊ नये म्हणून. मग बोटानं टिचकी मारायची. दाणे पिशवीत घळाघळा. वहीत लिहायचं, 'गळाली.' पुढची लोंबी. 'गळाली.' शेवटी पिशव्यांतला सगळा दाणा एकत्र करून पुढच्या साली पेरायचा, कारण कुठल्या दाण्यात तो धरून बसणारा गुण लपलाय ते सांगता येत न्हाय. आठ वह्या भरल्या. आठी वह्यांत एकच शब्द.

गेल्या साली सरांच्या गुडघ्यांनी राम म्हटला. मुलगा पुण्यात कंपनीत. त्यानं रान दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरवलं, आणि त्यात चूक काहीच न्हवती. कसणारा बघायला आला आणि गुंठ्याकडं बोट करून म्हणाला, "सर, एवढं गवत काढून ऊस वडणार बघा बांधापर्यंत." सर म्हणाले, "दिवाळी होऊ दे." त्याला वाटलं, सणासाठी म्हणतात. मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर भात पिकणार होतं. शेवटच्या वेळी.

त्या दिवशी सरांना गाडीवर मागं बसवून रानात नेलं. त्यांना वाकता येत न्हवतं म्हणून मी टिचक्या मारत गेलो आणि ते बांधावर बसून वही लिहीत गेले. मी 'गळाली' म्हणायचो. मध्येच हसवावं म्हणून हेडमास्तरांच्या आवाजात म्हटलं, मग निवडणुकीच्या भोंग्यासारखं म्हटलं. सर पयल्या पयल्यांदा हसले. शंभरेक लोंब्यांनंतर मी साध्या आवाजात म्हणायला लागलो. शेवटच्या लोंबीवर मी टिचकी मारली न्हाय, नुसतं बोट टेकवलं. तरी गळाली. सरांनी वही मिटली. "त्या पयल्या माणसाकडं काय होतं रे, जे माझ्याकडं न्हाय? त्याला तर लिहायलापण येत न्हवतं." मी रिकाम्या पिशव्या गोळा करायला लागलो.

सरांच्या घरी आलो तर पुढच्या नळाला पाणी न्हाय. सरांचे पाय चिखलानं भरलेले. म्हणून आम्ही बोळातनं मागच्या परसात गेलो. सर तिकडं कधी जात न्हाईत. न्हाणीचं सांडपाणी, अळू, कर्दळ, सगळं काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं राज्य. काकू दगडावर काहीतरी आपटत बसलेल्या. लोंब्यांची पेंडी. आपटत होत्या आणि बडबडत होत्या, "सुटंना की मेलं. हात दुखाय लागला."

सर उभे राहिले. "काय आपटतीयास?"

"देवभात. पुढल्या पंचमीचं."

आता हे सांगायला पाहिजे. भाद्रपदात ऋषिपंचमीला आमच्याकडच्या बायका बैलाच्या कष्टाचं खात न्हाईत. नांगराखालनं आलेलं धान्य त्या दिवशी चालत न्हाय. आपसूक उगवलेलं, नाहीतर परसात हातानं टोकलेलं, तेवढंच. सर दर पंचमीला सोप्यात बसून यावर भाषण द्यायचे, की बघा, वर्षातनं एक दिवस आमच्या बायका नांगराच्या आधीच्या जगात जाऊन येतात. आणि आत चुलीपुढं काकूंच्या ताटात भात कुठला हाय, हे त्यांनी एकदाही विचारलेलं न्हवतं.

"कुठनं आणलंस?" सरांचा आवाज बारीक झालता.

"आणाय कशाला लागतंय? हे काय मोरीच्या पाण्यावर. लग्नात माझ्या आईनं आजऱ्यातनं पदराला बांधून दिलतं, तवापासनं हाय."

"चव्वेचाळीस वर्षं?"

"व्हय की. तुम्ही या अंगाला कवा बघितलाईसा?"

"आणि... गळत न्हाय?"

"पयलं गळायचं की. हात लावला की निम्मं चिखलात. चिखलातलं कोण वेचत बसतंय? ते चिमण्या खायच्या. लोंबीला ऱ्हाईल तेवढं मी आणायचो. त्यातलंच मूठभर पुढल्या साली टाकायचो. आता बगा, दगडावर आपटलं तरी सोडंना."

सर कर्दळीच्या कठड्यावर हळूच टेकले. मी म्हटलं, "सर, झालं की वो तुमचं!"

"माझं न्हवं रे," सर म्हणाले. "मी पडलेला दाणासुद्धा पिशवीत जपला. सगळे पास केले. तिनं पडलेलं सोडून दिलं." मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "अर्थात शेजारचं भाताचं रान चिकटून हाय. फुलोऱ्यात त्याचा संकर झाला असणार. शुद्ध प्रयोग म्हणता येणार न्हाय."

काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पंचमीला ऋषीस्नी चालतंय, तुमास्नी चालंना व्हय?"

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. पुसायला जरा जास्तच वेळ लागला. काकूंनी त्यांच्या हातात एक पेंडी दिली. सरांनी ती दगडावर अशी ठेवली, जशी झोपलेल्या पोराला खाली ठेवतात. "जोरानं हाणा की वो! शाळंत कुणावर हात उचलला न्हाईसा, त्याची सगळी कसर काढा हितं." मग सरांनी हाणलं. चार-पाच दाणे सुटून उडाले. बाकीचे तसेच, घट्ट.

चहा पिताना मी म्हटलं, सर, हे पेपरात द्या, मोठी बातमी हाय. सर काकूंकडं वळले, "काय गं, देऊ काय? तुझं नाव छापतील." काकू सुपातलं फोल पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इश्श, त्यात काय सांगायचंय?"

सर माझ्याकडं वळले. मग अगदी हळू म्हणाले, "बघ. तेव्हापण कुणी तरी हेच म्हटलं असणार. म्हणून कुठं लिहिलेलं न्हाय."

विहिरीजवळच्या गुंठ्यात आता ऊस हाय. चांगला आलाय, डोक्याच्या वर. परवा जूनमध्ये सरांकडं गेलतो, तर पुढं कुणी न्हवतं. मागं गेलो. काकू मोरीच्या पाण्यावर वाकून मूठ जरा जरा उघडत दाणे टाकत होत्या. सर त्यांच्यामागं काठीवर रेलून उभे होते. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.