ताईच्या मजकुराचा आकडा

उरणच्या बाजारात आज सुक्या बोंबलांचा वास आला आणि मला ताईचे हात आठवले. दाजींची होडी समुद्रातून परतलीच नाही, त्यानंतर ताई मासळी वाळत घालून तशीच रोज माझ्याबरोबर सायबर कॅफेत यायची. इंटरनेट तेव्हा नवं होतं. किनाऱ्यावरच्या लोकांच्या एका चर्चागटात आम्ही दाजींचं वर्णन टाकलं होतं, कुणाला दिसले तर कळवा म्हणून. मजकूर किती वेळा वाचला गेला, तो आकडा शेजारीच दिसायचा. एका दुपारी पाहिलं, तर गटात सगळ्यात जास्त वाचलेला मजकूर ताईचाच होता.

तिने संगणकाच्या काचेवर, त्या आकड्यावर हलकेच बोट टेकवलं. "बघ, येवढ्या लोकांनी वाचलंय. कुनीतरी सांगंल."

"व्हय, ताई," मी म्हणालो. उत्तर एकही नव्हतं, तरी मलाही धीर आला.

पुढे संगणकाचं काम शिकलो तेव्हा कळलं, की एकाच माणसाने पान पुन्हा उघडलं तरी तो आकडा वाढायचा. आणि ते पान रोज पुन्हा पुन्हा उघडणारी ताईच होती.

ती अजून शेजारणींना सांगते, "माझ्या मानसाला सगळ्या जगानं शोधला." मी नुसती मान हलवतो.