मूर्तिजापूरच्या पुढे

आमची जुनी डिझेल गाडी अमरावतीहून अकोल्याला निघायची आणि मूर्तिजापूरला बंद पडायची. एकदा नाही, तीनदा! तिसऱ्यांदा दोरीनं ओढून आणली, तेव्हा बाबांनी गिऱ्हाईकच ठरवून टाकलं. रविवारी संध्याकाळी तो गाडी न्यायला येणार होता.  आईचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही. गाडी गेली की अकोल्याच्या मावशीची भेट संपली. हे बाबांना कळत नव्हतं का? माझं तर डोकंच फिरलं.

मेकॅनिक म्हणाला, डिझेलचा फिल्टर तुंबला असेल, सोमवारी बघू. सोमवारी काय बघणार, डोंबल? मी स्वतःच फिल्टर विकत आणला आणि रविवारी सकाळी मोबाईलवर व्हिडिओ लावून बॉनेट उघडलं. दोन्ही नळ्या काढल्या, जुना फिल्टर उलटा केला, तर आतून काळंकुट्ट डिझेल आणि पाणी! मला नाचावंसं वाटलं. नवा फिल्टर त्यावरचा बाण बघून बसवला, नळ्या आवळल्या, किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

ओट्यावर पेपर वाचत बसलेले बाबा म्हणाले, राहू दे, गिऱ्हाईक ढकलतसुद्धा नेईल.

तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. नळ्यांत हवा शिरली होती. नळीवरचा रबरी फुगा दाबून डिझेल वर ओढायचं राहिलंच होतं. मी दणादण दाबत सुटले, पण फुगा आपला मऊचा मऊ. आई खुर्ची ओढत आली. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होती ती.

"सरक," ती म्हणाली. "कावून एवढी घाई करून राहिली? पुरा दाब, पुरा सोड. बीपीचा फुगा असाच दाबतात."

तिनं सावकाश दाबायला सुरुवात केली. पाच-सहा मिनिटांत डिझेल भरून फुगा कडक झाला. मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू! मी ओरडलेच. आईनं हातसुद्धा पुसले नाहीत, सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चाल अकोल्याले."

बाबा ओढायची दोरी मांडीवर घेऊन मागं बसले. मूर्तिजापूर आलं. मूर्तिजापूर गेलं. मी आनंदानं हॉर्नच वाजवला. आईनं मावशीला फोन लावून भाकरी टाकायला सांगितलं. मग तोच फोन खांद्यावरून मागं धरला.

बाबांनी तो घेतला आणि गिऱ्हाइकाचा नंबर लावला.

"येऊ नका, भाऊ," ते म्हणाले. "गाडी अकोल्याले चालली."