दार बाहेर उघडतं का?

संकटाची इतकी जय्यत तयारी करून बसलेली दुसरी बाई अख्ख्या गिरणगावात सापडायची नाही. माझ्या थोरल्या वहिनी परळच्या एका विद्यापीठात ग्रंथपाल आहेत, आणि जगातली प्रत्येक इमारत केव्हा ना केव्हा घाईघाईने रिकामी करावी लागणार, या श्रद्धेवर त्या जगतात. कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी यजमानांकडे बघतात. वहिनी दार आत उघडतं की बाहेर, ते बघतात. माझ्यासाठी दादरला मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे यायच्या आधीच त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "जिन्यातली ती सायकल आणि गोणी कुणाची?" बिचारे सायकल हलवून येईपर्यंत पोहे निवले. लग्न तरीही जमलं. माझी बायको अजून सांगते, की तिला मी नाही, वहिनी पसंत पडल्या होत्या.

काळाचौकीच्या आमच्या मंडळात गणपती बसला, की मखराशेजारी वाळूच्या बादल्या ठेवायला लावणार त्याच. कार्यकर्ते त्या वाळूत उदबत्त्या खोचायचे. "अरे, बादली आग विझवायला आहे, लावायला नाही!" म्हणत वहिनी एकेक उदबत्ती उपटायच्या आणि लगेच बाप्पासमोर कान धरायच्या.

ग्रंथालयात तर काय, त्यांचंच राज्य. मी लिहायला तिथे जाऊन बसतो, म्हणून आगीच्या रंगीत तालमीतून माझीही सुटका नसे. भोंगा वाजला की वहिनींचा आवाज त्याच्याही वर. "बॅगा राहू देत. धावायचं नाही. लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही. धुरात अडकलात तर दार लावा, खिडकीशी जा, खाली बसा!" सगळे कुरकुरत उठत. बसून राहत ते फक्त एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी वहिनींना एम.ए.ला शिकवलेलं, त्यामुळे त्यांच्यावर ओरडायची सोय नव्हती.

"सर, उठा ना."

"खरी आग लागली की बोलव गं. तोवर मी बसलोय."

परीक्षेच्या दिवसांत एका दुपारी पहिल्या मजल्यावरच्या जुन्या एसीतून ठिणग्या उडाल्या आणि बघता बघता जिन्यात काळा धूर भरला. वहिनींनी भोंगा वाजवला, मेन स्विच पाडायला लावला, अग्निशमन दलाला फोन केला. मुलं तालमीतल्यासारखीच, भिंतीच्या कडेने, वाकून खाली आली. चेष्टा करणारेही गुपचूप आले. आम्ही सगळे आवारातल्या वडाखाली जमलो. वहिनी एकेक चेहरा बघत फिरल्या आणि थांबल्या.

"सर कुठायत?"

"दुसऱ्या मजल्यावर गेले होते, जुनी मासिकं बघायला," सरांची एक विद्यार्थिनी म्हणाली आणि दाराकडे धावलीच. वहिनींनी तिचं मनगट पकडलं.

"सोडा मॅडम! सर आत आहेत!"

"माहितीये. तू आत गेलीस, तर दोघांना शोधावं लागेल."

बंब आला. वहिनींनी जवानांना सांगितलं, "दुसरा मजला, डावीकडे शेवटची खोली, रस्त्याकडची खिडकी. सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात." आवाज अगदी सरळ होता, पण मनगट काही सुटलं नव्हतं.

थोड्या वेळाने जवान सरांना शिडीवरून घेऊन आले. दार लावून, फटीत आपला कोट कोंबून, नाकाला रुमाल धरून ते खिडकीखाली फरशीवर बसलेले सापडले होते. खोकत खोकत ते वहिनींना म्हणाले, "बसलोच होतो. पण तू सांगितलंस तसा, खाली."

वडाखाली हशा पिकला. वहिनी हसल्या नाहीत. सरांना अँब्युलन्समध्ये बसवून दिलं, पुस्तकं भिजली नाहीत ना याची चौकशी केली, मुलांच्या बॅगा बाहेर आणवल्या. मग मी त्यांना गेटबाहेरच्या टपरीवर नेलं. दोन चहा सांगितले.

मी म्हटलं, "वहिनी, त्या मुलीला धरून ठेवलंत म्हणून बरं झालं."

त्यांनी चहाचा ग्लास न पिताच बाकावर ठेवला.

"तिला तिच्यासाठी धरलं नव्हतं हो, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "तिला धरलं होतं, म्हणून मी बाहेर राहिले."