टोपणभर खत

माझे धाकटे दीर खताच्या गोदामाचे प्रमुख होते. एका वर्षी युरिया निम्माच आला. त्यांनी प्रत्येकाला निम्मी पोती दिली आणि वर बजावले, "मुठीनं फेकू नका. औषधाच्या बाटलीचं टोपण घ्या. मक्याच्या एका रोपाला एक टोपण, मुळाजवळ पुरून."

लोक चिडले. गावात खाणारी तोंडे वाढली होती आणि हा माणूस टोपणाच्या गोष्टी करत होता. "मक्याला खोकला झालाय का, टोपणराव?" असे तोंडावर विचारत. पीक बुडाले असते, तर भाऊजींना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या शेतात तसेच केले. जाऊबाई आणि मी तीन दिवस वाकून खत पुरले. माझ्या रोजनिशीत त्या तीन दिवसांपुढे एकच शब्द आहे: कंबर.

शेजाऱ्याकडे जुनी पोती शिल्लक होती. त्याने ती सगळी मुठीने शेतात फेकली. त्याचा मका गर्द हिरवा दिसे, आमचा जरा फिकट.

"पानं कोण खाणार आहे, वहिनी?" भाऊजी म्हणाले. "दाणा बघू."

काढणीला दोन्ही शेतांत सारखाच मका भरला. शेजारी लगेच म्हणाला, "मग दुप्पट टोपणं टाकली की दुप्पट मका?"

"नाही रे बाबा. रोपाचं पोट तेवढंच. गावाचं वाढतंय, त्याला दुसरं काहीतरी हवं."

पुढच्या हंगामात त्यांनी मक्याच्या ओळींमध्ये चवळी पेरली. या वेळी शेजाऱ्याने काही न विचारता बियाणे मागून नेले.